सगळे गुण सारखे नसतात

14 जुलै 2019 रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच 4 तास 57 मिनिटं खेळले. त्या अंतिम सामन्यात फेडररने 218 गुण जिंकले आणि जोकोविचने 204. करंडक मात्र जोकोविचने उचलला. पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7 असा पुढे होता, सर्व्हिस त्याची होती आणि गेममध्ये स्कोअर होता 40-15. विजेतेपदासाठी लागोपाठ दोन संधी होत्या. पहिल्या संधीवर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्या वेळी तो नेटकडे धावला आणि जोकोविचने तिरका फोरहँड मारून चेंडू त्याच्या आवाक्याबाहेर काढला. पुढे 12-12 नंतर टायब्रेकर झाला आणि सामना संपला.

त्या दिवशी जोकोविचने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये जिंकले होते. या तीन टायब्रेकरमध्ये मिळून त्याच्या नावावर एकही विनाकारण केलेली चूक लागली नाही. फेडररच्या नावावर अशा 11 चुका लागल्या. एरवी फेडरर सरस खेळला, मोक्याच्या वेळी जोकोविच. टेनिसमधलं दडपण समजून घ्यायचं, तर आधी हे मोके कुठून येतात ते पाहायला हवं.

40-0 आणि 30-40

क्रिकेटमध्ये पहिल्या षटकातली धाव आणि शेवटच्या षटकातली धाव फलकावर एकाच भावाने जमा होते. टेनिसमध्ये गुण असे साठत नाहीत. गेम संपला की त्यातले गुण पुसले जातात, सेट संपला की गेम पुसले जातात. सेट 6-0 ने घ्या किंवा 7-6 ने, पदरात पडतो एकच सेट. त्यामुळे बरेचसे गुण जवळजवळ फुकट जातात आणि थोडे गुण सगळा सामना पेलतात.

हे आकड्यांत मांडता येतं. समजा, स्वतःच्या सर्व्हिसवर एखादा खेळाडू दर शंभरातले 65 गुण जिंकतो. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये ही कामगिरी नेहमीचीच म्हणता येईल. गणित केलं तर तो गेम जिंकण्याची शक्यता 83 टक्के निघते. आता स्कोअर 40-0 आहे असं धरा. पुढचा गुण जिंकला तर गेम त्याचा. हरला तर 40-15, आणि तिथूनही गेम त्याच्याकडे जाण्याची शक्यता 97 टक्के. त्या एका गुणाने काय बदललं? जेमतेम 3 टक्के. याउलट 30-40 असताना गुण हरला तर गेम गेला. जिंकला तर ड्यूस, म्हणजे 40-40, आणि ड्यूसवरून गेम जिंकण्याची शक्यता सुमारे 78 टक्के. इथे एकाच गुणावर 78 टक्क्यांचा फरक टांगलेला आहे. चेंडू तोच, कोर्ट तेच, मारायची सर्व्हिसही तीच. पण दुसऱ्या गुणाचं वजन पहिल्याच्या पंचवीस पटींहून जास्त. कार्ल मॉरिस या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1977 मध्ये गुणाचं महत्त्व याच रीतीने मोजलं आणि गेममधला सर्वांत मोलाचा गुण 30-40 हाच असल्याचं दाखवलं.

जून 2024 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात बोलताना फेडररने स्वतःचाच हिशेब मांडला. कारकिर्दीत एकेरीचे 1526 सामने, त्यांतले जवळपास 80 टक्के जिंकलेले. पण जिंकलेले गुण अवघे 54 टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असलेला माणूस आपला जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण हरत आला होता. म्हणजे या खेळात रोजचं काम हरण्याचंच आहे. हरलेला गुण पोटात घालून पुढच्या गुणाला उभं राहता येत नसेल, तर व्यावसायिक टेनिस खेळताच येणार नाही.

दोघांची सर्व्हिस भेदक असेल, तर सामना आणखी कमी गुणांवर येऊन ठेपतो. पुण्यात बालेवाडीला जानेवारी 2019 मध्ये झालेल्या महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच समोरासमोर होते. दोघेही साडेसहा फुटांहून उंच, दोघांची सर्व्हिस उंचावरून कोसळणारी. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले: 7-6, 6-7, 7-6. शेवटचा टायब्रेकर अँडरसनने 7-5 असा घेतला. दोन तासांहून जास्त चाललेल्या खेळाचा निकाल दोन गुणांच्या फरकाने लागला.

हात का आखडतो?

मोठा गुण समोर आला की शरीराला ते कळतं. अॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, खांदे आणि मनगट कडक होतात. पकड घट्ट झाली की रॅकेट मोकळेपणाने फिरत नाही, चेंडूला फिरकी कमी मिळते. मग चेंडू एक तर आखूड पडतो, नाहीतर रेषेबाहेर जातो. पाय जड होतात. सर्वांत आधी बिघडते ती सर्व्हिसची चेंडूफेक, कारण टेनिसमध्ये सर्वस्वी स्वतःच्या हातात असलेली तेवढी एकच कृती आहे. ती घाईत होत नाही; विचार करायला वेळ मिळतो, आणि तोच नडतो.

मानसशास्त्रात याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एकानुसार, चिंतेमुळे लक्ष विभागलं जातं: चेंडू पाहायचा, तर डोक्यात करंडक, पराभव, प्रेक्षक असतात. दुसऱ्यानुसार, लक्ष नको तिथे जास्त जातं. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल खेळाडू पुन्हा तपशिलाने तपासू लागतो आणि ती मोडते. जिना भरभर उतरताना पाऊल कुठे टाकतो आहोत याचा विचार सुरू केला, की माणूस हमखास अडखळतो; तसंच हे. रॉय बॉमिस्टर यांनी 1984 मध्ये आणि नंतर सायन बायलॉक यांनी या दुसऱ्या प्रकारावर बरंच काम केलं. टेनिसमध्ये दोन्ही प्रकार दिसतात.

1993 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 4-1 ने पुढे होती. स्वतःच्या सर्व्हिसवर 40-30. एक गुण आणि 5-1. तिने डबल फॉल्ट केला. तो गेम गेला, पुढचे सगळे गेम गेले आणि सेट ग्राफने 6-4 ने जिंकला. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी नोवोत्ना जगाने पाहिली. याच नोवोत्नाने 1998 मध्ये विम्बल्डन जिंकलं, हे मात्र तितकंसं आठवणीत राहिलं नाही.

दडपणाचं आणखी एक रूप आहे, ते इतकं नाट्यमय नसतं. खेळाडू चुकत नाही, तो फक्त जपून खेळू लागतो. दुसरी सर्व्हिस थोडी हळू, फोरहँड रेषेपासून हातभर आत, नेटकडे जायचं ते जात नाही. प्रत्येक फटका सुरक्षित असतो आणि एकत्र पाहिलं तर सगळा पुढाकार समोरच्याच्या हाती गेलेला असतो. आघाडीवरचा खेळाडू अशा रीतीने हरतो, तेव्हा ‘समोरचा अचानक खेळायला लागला’ असं आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला खेळायला जागा करून दिलेली असते.

सामना खरंच फिरतो का?

समालोचकांच्या तोंडी ‘मोमेंटम’ हा शब्द सतत असतो. पारडं इकडे झुकलं, लय तिकडे गेली. 8 जून 2025 च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्याइतकी या शब्दाची परीक्षा पाहणारा सामना विरळा. यानिक सिनरने पहिले दोन सेट घेतले. चौथ्या सेटमध्ये तो 5-3 ने पुढे होता आणि कार्लोस अल्काराझच्या सर्व्हिसवर 0-40, म्हणजे विजेतेपदाचे तीन गुण. अल्काराझने तिन्ही वाचवले, गेम घेतला, लगेच सिनरची सर्व्हिस भेदली आणि सेट टायब्रेकरमध्ये जिंकला. आता पारडं अल्काराझचं. पाचव्या सेटमध्ये तो 5-4 वर सामना संपवायला सर्व्हिसला आला आणि सिनरने ती भेदली. आता पारडं कुणाचं? 6-6 नंतरचा दहा गुणांचा टायब्रेकर अल्काराझने 10-2 असा एकतर्फी जिंकला. 5 तास 29 मिनिटांच्या या खेळात सिनरचे गुण 193, अल्काराझचे 192. ज्या ज्या वेळी वारं एका बाजूचं वाटलं, त्या त्या वेळी ते पुढच्या काही मिनिटांत फिरलं. मग त्या वाटण्यात दम किती?

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. फ्रान्क क्लासेन आणि यान मॅग्नस या डच अर्थमितितज्ज्ञांनी 1992 ते 1995 या चार विम्बल्डन स्पर्धांतले एकेरीचे सुमारे 86 हजार गुण तपासले आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. मागचा गुण जिंकलेल्या खेळाडूची पुढचा गुण जिंकण्याची शक्यता किंचित वाढते, आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याला गुण मिळवणं किंचित अवघड जातं. हे दोन्ही परिणाम तुलनेने दुबळ्या खेळाडूंमध्ये अधिक दिसले, बलाढ्यांमध्ये कमी. म्हणजे मोमेंटम अगदीच खोटा नाही, पण आपल्याला वाटतो त्याच्या मानाने फार लहान आहे. सेटमधला सातवा गेम निर्णायक असतो, ही टेनिसमधली जुनी समजूतही त्यांनी आकड्यांवर घासून पाहिली. तिला आधार सापडला नाही.

मग मोमेंटम एवढा मोठा का दिसतो? एक कारण योगायोगाचे पुंजके. नाणं वीस वेळा उडवलं, तर चारातल्या तीन प्रयत्नांत कुठे ना कुठे ओळीने चार छापे किंवा चार काटे पडतात. नाण्याला लय नसते. दुसरं कारण सर्व्हिसच्या पाळीत आहे. 2-2 वर एकाने स्वतःची सर्व्हिस राखली, समोरच्याची भेदली आणि पुन्हा स्वतःची राखली, तर स्कोअर 5-2 होतो. ‘ओळीने तीन गेम’ ऐकायला झंझावात वाटतो, पण त्यात अनपेक्षित घटना एकच आहे, ती मधली.

तिसरं कारण सर्वांत उपयोगी. आपण जिला लय म्हणतो, तिच्यामागे पुष्कळदा साधी, दाखवता येणारी कारणं असतात. एकाने समोरच्याच्या बॅकहँडवर उंच चेंडू टाकायला सुरुवात केलेली असते. दुसरा सर्व्हिस परतवायला दोन पावलं मागे सरकलेला असतो. कुणाचे पाय थकलेले असतात. पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात. ते वेगाने निघतात. छत बंद झालं की वारा थांबतो. प्रशिक्षक खेळाडूला लय शोधायला सांगत नाही. काय बदललं, ते शोधायला सांगतो.

मोमेंटमवर विसंबू नये, हे शिकवणारा एक जुना धडा 1980 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आहे. ब्योर्न बोर्गविरुद्ध जॉन मॅकेन्रोने चौथ्या सेटमध्ये विजेतेपदाचे सात गुण वाचवले, त्यातले पाच टायब्रेकरमध्ये, आणि तो टायब्रेकर 18-16 असा जिंकला. कुणीही म्हटलं असतं, बोर्ग संपला. पाचव्या सेटच्या सुरुवातीला बोर्गने सर्व्हिसवर पहिले दोन गुण गमावलेही. त्यानंतर त्याने आपल्या सर्व्हिसवर ओळीने 19 गुण जिंकले आणि सेट 8-6 ने घेतला. हातातोंडाशी आलेला घास सात वेळा निसटला होता. आठव्या संधीपर्यंत तो तसाच सर्व्हिस करत राहिला.

25 सेकंद

दोन गुणांच्या मध्ये खेळाडूला 25 सेकंद मिळतात. बाजू बदलताना 90 सेकंद आणि सेट संपल्यावर 120. बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपत असल्याने सामन्याचा मोठा हिस्सा चेंडू खेळात नसतानाच जातो. दडपणाशी खरा सामना तिथे होतो.

जिम लोअर या अमेरिकन क्रीडा मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात अव्वल खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. गुण चालू असताना त्यांच्यात आणि इतरांत त्याला फारसा फरक दिसला नाही. गुण संपल्यावर दिसला. त्यातून त्याने दोन गुणांमधल्या वेळाचे चार टप्पे मांडले. गुण संपताक्षणी, निकाल काहीही असो, ताठ अंगाने वळायचं. मग चालत, श्वास लांबवत शरीर सैल सोडायचं. नजर तारांवर किंवा जमिनीवर, गॅलरीत भटकू द्यायची नाही. त्यानंतर पुढच्या गुणाचा बेत ठरवायचा: सर्व्हिस कुठे, त्यानंतरचा फटका कुठे. शेवटी ठरलेला विधी: चेंडू ठरावीक वेळा आपटणं, एक श्वास, आणि खेळ. टॉवेल मागणं किंवा तारा सारख्या करणं हा चाळा वाटतो, पण त्या निमित्ताने मागचा गुण संपवून पुढचा सुरू केला जातो.

राफाएल नदालच्या सवयींची थट्टा खूप झाली. दोन बाटल्या विशिष्ट कोनात ठेवणं, बाजू बदलताना रेषांवर पाय न देणं, सर्व्हिसआधी केस कानामागे सारणं. आपल्या आत्मचरित्रात त्याने याचा अर्थ सरळ सांगितला आहे: डोक्यात हवी असलेली शिस्त तो भोवतीच्या वस्तूंना लावत होता. शिवाय, हात ओळखीच्या कामात गुंतले की डोक्याला अनोळखी भीती शोधायला फुरसत कमी मिळते.

प्रेक्षक विरुद्ध असतील तेव्हाही हाच मार्ग. 2019 च्या त्या सामन्यात सेंटर कोर्ट ‘रॉजर, रॉजर’ म्हणत होतं. आपण ते ‘नोव्हाक, नोव्हाक’ असं ऐकायचा प्रयत्न करतो, असं जोकोविचने नंतर सांगितलं. ऐकायला हा विनोद वाटतो, पण त्यात सरावाची शिस्त आहे: बाहेरचं बदलता येत नाही, ते आत कसं घ्यायचं ते ठरवता येतं.

पूर्वी कोर्टवर खेळाडू अगदी एकटा असे. प्रशिक्षकाने खुणेनेही काही सांगायला मनाई होती. आता नियम सैल झाले असून जानेवारी 2025 पासून कोर्टाबाहेरून सल्ला द्यायला परवानगी आहे. तरीही चेंडू हवेत फेकायच्या क्षणी सल्लागार कामाचा नसतो.

गुणांच्या आणि सेटच्या मधल्या वेळेचा दुसराही उपयोग होतो: समोरच्याची घडी विस्कटणं. 2021 च्या यूएस ओपनमध्ये स्टेफानोस त्सित्सिपासने अँडी मरेविरुद्ध पाचव्या सेटआधी आठ मिनिटांच्या आसपास स्वच्छतागृहाची विश्रांती घेतली. मरेने कोर्टवरच उघड नाराजी दाखवली, सामन्यानंतरही दाखवली. मरेचा मुद्दा असा की त्याचं शरीर थंड पडलं आणि त्याने पाचव्या सेटची सुरुवात तशीच केली. पुढच्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धांत या विश्रांतीवर वेळेची मर्यादा आली. मोमेंटम अदृश्य असेल, थंड पडलेले स्नायू मात्र खरे असतात.

दुरुस्ती कुठे करायची?

दडपण हा मनाचा विषय आहे, म्हणून उपायही मनाचाच हवा असं वाटतं. अरीना सबालेन्काची गोष्ट वेगळं सांगते. 2022 मध्ये तिची सर्व्हिस पार कोलमडली. एका सामन्यात तर तिने काही सर्व्हिस हात खाली ठेवूनच केल्या. त्या वर्षी तिचे 400 हून अधिक डबल फॉल्ट झाले. शेवटी हालचालींच्या यंत्रणेचा तज्ज्ञ असलेल्या गॅव्हिन मॅकमिलनबरोबर तिने सर्व्हिसची हालचालच नव्याने बांधली. जानेवारी 2023 मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात विजेतेपदाच्या पहिल्या गुणावर उभी होती आणि तिथे तिने डबल फॉल्ट केला. थोड्या वेळाने सामना जिंकला. भीती गेली नव्हती. भीती असतानाही चालणारी सर्व्हिस हाताशी आली होती. ज्या फटक्यावर विश्वास नाही, त्यावर शांत मन फार काळ टिकत नाही.

इगा श्वियाँतेकने दुसरा रस्ता निवडला. डारिया अब्रामोविच ही मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं तिच्या पथकात आहे. श्वियाँतेकनेच जुलै 2025 मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात अमांडा अनिसिमोवाला 6-0, 6-0 असं 57 मिनिटांत हरवलं. विम्बल्डनच्या महिला एकेरीत असा अंतिम सामना याआधी 1911 मध्ये झाला होता. दोन महिने उलटायच्या आत यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत अनिसिमोवासमोर पुन्हा श्वियाँतेकच आली. आदल्या तयारीत अनिसिमोवाने त्या विम्बल्डन सामन्याचं चित्रण पाहिलं. काय टाळायचं ते शोधायला आपण ते पाहिलं, असं तिने सांगितलं. तिने 6-4, 6-3 असा विजय मिळवला आणि पुढे अंतिम फेरी गाठली.

हरलेला सामना विसरून जा, हा सल्ला सोपा आहे, पण अर्धाच. सामना चालू असताना हरलेला गुण मागे टाकायलाच हवा. 25 सेकंदांत त्याचं विश्लेषण होत नाही. सामना संपल्यावर मात्र तो पुन्हा समोर ठेवावा लागतो, कारण दडपणाखाली आपण नेमकं काय करतो हे दुसरीकडे कुठे कळत नाही. पकड घट्ट होते की पाय थांबतात? फटका जपून जातो की घाईत उधळला जातो? उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि सराव त्या उत्तरावरच करायचा असतो. म्हणून चांगले प्रशिक्षक सरावातही 30-40 पासून गेम सुरू करतात, चुकलेल्या दुसऱ्या सर्व्हिसला शिक्षा ठेवतात, थकलेल्या अवस्थेत टायब्रेकर खेळवतात. दडपण कमी करणं त्यांच्या हातात नसतं. त्याची ओळख वाढवणं असतं.

पुढच्या वेळी सामना पाहताना एक गोष्ट करून बघावी. गुण संपला की पडद्यावर फटक्याची पुनरावृत्ती सुरू होते. ती सोडून, जमेल तेव्हा खेळाडूकडे पाहावं. तो किती वेळात वळतो, खांदे कुठे आहेत, सर्व्हिसआधीचा विधी तसाच आहे की घाईत उरकला जातो आहे. 5-3 वर तो चेंडू दोनदा आपटून सर्व्हिस करू लागला आणि 2-1 वर पाच वेळा आपटत होता, तर काहीतरी घडतं आहे हे फलकाच्या आधी तुम्हाला कळेल.